आपल्या आतलं रान म्हणजे नेमकं काय?

गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या योगशिबिरांच्या आणि रानातल्या निवासांच्या जाहिरातींत एक शब्द सारखा दिसू लागला आहे, ‘रीवाइल्डिंग’. तीन दिवस मोबाइल बंद ठेवा, अनवाणी चाला, झाडाखाली झोपा आणि ‘स्वतःतलं रान जागं करा’, असं आमंत्रण असतं. आपली माणसं ते वाचून गोंधळतात. फोंड्याच्या बाजारात भाजी घेणाऱ्याला रान म्हणजे सत्तरीतलं, नाही तर काणकोणातलं. ते माणसाच्या आत कुठून आलं? आणि त्याच दिवसाच्या वर्तमानपत्रात म्हादईच्या व्याघ्र प्रकल्पाचा वाद असतो, नाही तर वस्तीत बिबटा फिरल्याची बातमी असते. एका पानावर रान हवंहवंसं, दुसऱ्या पानावर त्याची धास्ती.

हा विषय जाहिरातवाल्यांच्या हाती सोडून द्यावा इतका फुटकळ नाही, असं मला मनापासून वाटतं. यामागे शरीरशास्त्र आहे, मेंदूचा अभ्यास आहे, आणि आपल्या गावरहाटीत जपलेलं बरंच काही आहे. म्हणून मुळापासून बघू.

शरीर जुनं, राहणी नवी

आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर सुमारे ३ लाख वर्षांपासून आहेत. शेती सुरू झाली ती गेल्या १०-१२ हजार वर्षांत. विजेचे दिवे तर काल आले म्हणायचे. गोव्यातल्या कित्येक खेड्यांत वीज पोचली तीच १९६१ च्या मुक्तीनंतर. म्हणजे माणसाच्या एकूण वास्तव्यातला फार मोठा काळ झाडांत, उघड्यावर, जनावरांच्या सोबतीने आणि त्यांच्या भयात गेला. डोळे, कान, आतडी, झोप, भीती हे सगळं त्या काळात घडलं. राहणी दोन-तीन पिढ्यांत बदलली. शरीर इतक्या झपाट्याने बदलत नाही.

सांगे तालुक्यात रिवणच्या पुढे पणसायमळ नावाची जागा आहे. तिथे कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी चित्रं कोरून ठेवली आहेत. बैल आहेत, गवे आहेत, हरणं आहेत, मोर आहे. नदीच्या गाळाखाली ती झाकून गेली होती. १९९३ मध्ये गावकऱ्यांनी संशोधकांना दाखवली तेव्हा बाहेरच्या जगाला कळली. कोरणाऱ्यांबद्दल फारसं काही सांगता येत नाही, पण दगडावर ठेवावंसं त्यांना काय वाटलं ते समोरच आहे. तिथे जनावरांचीच गर्दी आहे.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी १९८४ मध्ये या ओढीबद्दल एक विचार मांडला. सजीवांकडे लक्ष जाणं, त्यांच्या आसपास असावंसं वाटणं ही माणसाची जन्मजात वृत्ती असावी, असं त्यांचं म्हणणं. या वृत्तीला ‘बायोफिलिया’ म्हणतात. ‘आतलं रान’ म्हणतात ते साधारण हेच, त्यात थोडं आणखी मिसळून. विचार करण्याआधीच उजेडाला, आवाजाला, वासाला, मातीला, धोक्याला प्रतिसाद देणारा आपला जो भाग आहे, तो आतलं रान. पहिल्या पावसात ओल्या मातीचा वास आला की हातातलं काम थांबतं. कोणी सांगितलेलं नसतं, तरी थांबतं.

ताण चढतो, उतरत का नाही?

आपल्या शरीरात एक यंत्रणा आपल्याला न विचारता काम करते. छातीचे ठोके, श्वास, पचन, घाम हे सगळं ती सांभाळते. तिला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. तिची एक बाजू धोका दिसला की शरीराला सज्ज करते आणि दुसरी बाजू धोका टळला की सैल करते.

गोव्यातल्या खाजन शेतांत मानस बघितली असेल, तर हे चटकन लक्षात येईल. खाडीच्या बांधात बसवलेलं ते लाकडी दार. भरती आली की बाहेरचं खारं पाणी त्याच्यावर रेटतं आणि दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं साचलेलं पाणी आतून ढकलतं, दार उघडतं आणि शेत मोकळं होतं. दिवसभर हे चालू असतं. शेत टिकतं ते या उघडझापीवर. समजा, दार मिटलेलंच अडकून बसलं. वरून पाऊस पडतोय, डोंगराचं पाणी उतरतंय आणि बाहेर जायला वाट नाही. बांध शाबूत असूनही आत भात कुजणार.

आपलं तसं झालं आहे. ताण वाईट नसतो. समोर नाग दिसला तर ताण यायलाच हवा. पण नाग निघून जातो आणि दार उघडतं. कार्यालयातला निरोप, हप्त्याची तारीख, रस्त्यावरचा भोंगा, रात्री अकरा वाजता वाजणारा व्हॉट्सॲपचा गट यांना ओहोटी नाही. शरीर त्यांना धोकाच समजतं आणि सज्ज होऊन बसतं. झाडांत, पाण्याकाठी, उघड्यावर थोडा वेळ गेला की नाडीचे ठोके आणि रक्तदाब उतरतात, ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक कमी होतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, हा शब्द काढला आणि लोकांना रानात संथ फिरायला सांगितलं. मोजमापं पुढच्या काळात झाली.

यातला मला सर्वांत बोलका वाटणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा आहे, १९८४ सालचा. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, उरलेल्यांना विटांची भिंत. बाकी सगळं जवळपास सारखं. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधंही कमी लागली. रानात जाणं दूरच, झाडं त्यांना खिडकीतून नुसती दिसत होती.

डोकं थकतं म्हणजे काय थकतं?

ताण वेगळा आणि थकवा वेगळा. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी माणूस चिडचिडा होतो, तेव्हा स्नायू थकलेले नसतात. लक्ष थकलेलं असतं. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याची उकल केली. त्यांच्या मते लक्ष दोन प्रकारचं. हिशेब तपासताना, गाडी चालवताना, परीक्षेचा पेपर लिहिताना आपण ते ओढून धरतो आणि बाकी सगळं बाजूला सारतो. त्याला श्रम पडतात. दुसरं लक्ष आपोआप जातं. पानांवरून थेंब ओघळताना, व्हाळातलं पाणी दगडाला वळसा घालताना आपण बघत राहतो, आणि बघता बघता मनात दुसरे विचारही चालू राहतात. या दुसऱ्या अवस्थेत पहिल्याला विश्रांती मिळते.

मोबाइलवरच्या चित्रफितीही लक्ष आपोआप ओढतात, मग त्यांनी विश्रांती का मिळत नाही? कारण त्या लक्ष पकडून ठेवतात. एक संपते तोच दुसरी सुरू होते, मनाला भटकायला जागाच उरत नाही. व्हाळ तसा हट्ट धरत नाही.

२०१५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ३८ जणांचे दोन गट केले. एक गट ९० मिनिटं गवत-झाडांतून चालला, दुसरा वर्दळीच्या रस्त्याने. ‘माझंच कसं चुकतं’ असं तेच ते उगाळत बसण्याची सवय झाडांतून चालून आलेल्यांत कमी झालेली दिसली, आणि त्या उगाळण्याशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही मंदावलेली होती. मळभ आलेल्या मनाने सड्यावर फेरी मारून आलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही.

उजेडाचं काम

शरीरात एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. त्याची रचना शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. उघड्यावरचा दिवसाचा उजेड आणि घरातला दिव्याचा उजेड यांत डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, पण तो प्रचंड असतो. घरात किंवा कार्यालयात उजेड काहीशे लक्स असतो, तर बाहेर ढगाळ दिवशीही हजारो लक्स. लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक. दिवसभर आपण शरीराच्या दृष्टीने अंधारात बसतो आणि रात्री पडद्याच्या झगमगाटात. घड्याळाला दिवस कळत नाही आणि रात्रही कळत नाही.

२०१३ मध्ये कोलोरॅडोतल्या संशोधकांनी आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं. विजेचे दिवे नाहीत, फक्त ऊन आणि शेकोटी. आठवड्याअखेर त्यांच्या शरीराचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकलं होतं. जाग सूर्याबरोबर येऊ लागली. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बऱ्यापैकी पक्की झाली आहे. जी मुलं दिवसाउजेडी बाहेर जास्त खेळतात, त्यांना लांबचं धूसर दिसून चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. शिकवणी थोडी उशिरा ठेवून मुलाला संध्याकाळी अंगणात सोडायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

माशेलचा चिखल

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात चिखलकाला असतो. अंगाला तेल चोळून लहानथोर चिखलात उतरतात, लोळतात, खेळ खेळतात. वरून पाऊस. कोण कोणाचा मुलगा हे थोड्या वेळाने ओळखू येत नाही. एरवी कपड्यावर डाग पडला तर ओरडणाऱ्या आया कडेला उभ्या राहून मुलाला ‘आणखी जा, तिकडे जा’ म्हणतात.

चिखलात रोगजंतू असतात हे आपल्याला शाळेत शिकवलं, आणि ते खरं आहे. पण मातीत निरुपद्रवी जीवाणूंची संख्या त्याहून कितीतरी जास्त असते. ब्रिटिश वैज्ञानिक ग्रॅहॅम रूक यांनी २००३ मध्ये त्यांना ‘जुने मित्र’ म्हटलं. त्यांच्या मते शरीराची संरक्षणव्यवस्था या जीवाणूंच्या सहवासातच शहाणी होते. कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडून द्यायचं, हे ती त्यांच्याकडून शिकते. हा सहवास तुटला की ती नको त्या गोष्टींवर तुटून पडते. ॲलर्जी आणि दम्याच्या वाढीमागे हे एक कारण असू शकतं. फिनलंडमध्ये काही शहरी पाळणाघरांच्या अंगणात जंगलाची माती, गवत आणि रोपं आणून टाकली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २८ दिवसांनी मुलांच्या त्वचेवरच्या जीवाणूंची विविधता वाढलेली दिसली आणि रक्तातही संरक्षणव्यवस्था समतोल होत असल्याच्या खुणा दिसल्या. मुलं पंचाहत्तरच होती, तेव्हा यावरून दम्याचं औषध सापडलं असं कोणी समजू नये.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो तो उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून, हेही सांगायला हवं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. गटाराशेजारचं डबकं म्हणजे रान नव्हे.

मग बेभान वागायचं का?

‘आतलं रान’ म्हटलं की पुष्कळांना भीती वाटते. संस्कारांनी बांधलेलं जनावर मोकाट सोडायचं का? रागावलं की ओरडायचं, वाटेल ते करायचं?

याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा धालोच्या मांडावर मिळालं. पौष महिन्याच्या थंडीत, जेवणं आटोपून, वाड्यावरच्या बायका मांडावर जमतात. समोरासमोर दोन रांगा, एकमेकींच्या कमरेला हात, वाकत-उठत पुढे-मागे होणारी पावलं, रात्र चढत जाते तसा वाढणारा गाण्याचा वेग. वनदेवतेला हाक असते. शेवटच्या रात्री सोंगं येतात, कोणाच्या अंगात रंभा येते. वर्षभर सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी बाई तिथे केस मोकळे सोडून घुमते आणि तिला कोणी काही म्हणत नाही. पण बघा, जागा ठरलेली आहे, महिना ठरलेला आहे, शेवटची रात्रही ठरलेली आहे. सोबत गावच्या सगळ्या बायका आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई पाणी भरायला जाते.

डिचोली तालुक्यात साळच्या गडे उत्सवात मध्यरात्री रानाच्या दिशेने धावणारे गडे, शिगम्यातला रोमटामेळ, सांजांवच्या सणाला डोक्यावर वेली-फुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या घेणारी मुलं, हे सगळं त्याच जातीचं. आपल्या जुन्या माणसांनी आतल्या रानाला नाकारलं नाही आणि वाऱ्यावरही सोडलं नाही. त्याला जागा दिली, वेळ दिली, सोबत दिली. राग, मत्सर, क्रौर्य यांना आपण ‘रानटी’ म्हणतो तो जनावरांवर अन्याय आहे. पोट भरल्यावर वाघ शिकार करत हिंडत नाही. भूक लागली की खाणं, थकलं की थांबणं, भीती वाटली की ती ओळखणं, रडू आलं की रडणं, एवढं जरी जमलं तरी आतलं रान शाबूत आहे म्हणायचं.

पण आम्ही तर गोव्यातच राहतो

हा आक्षेप मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला आहे. ‘मुंबईच्या माणसाला सांगा हे. आमच्या दारात माड आहे.’

२०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक. नकाशावर हिरवं दिसतं म्हणून माणूस हिरव्यात राहतो असं होत नाही. दारात माड आहे, पण त्याच्यावर कुठला पक्षी घरटं करतो हे घरातल्या मुलाला विचारून बघा. सकाळी बंद खिडकीची गाडी, दिवसभर बंद खिडकीची खोली, संध्याकाळी दूरचित्रवाणी. रान शेजारी असणं आणि रानाशी बोलणं असणं, या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते मला एका पावसाळ्यात समजलं.

आमच्या शेजारच्या माई जूनअखेरीला रस्त्याच्या कडेला वाकून टायकिळा खुडत होत्या. मी गाडी थांबवली. त्या रस्त्याने रोज जाऊनही मला तिथे नुसतं गवत दिसायचं.

‘माई, हा टायकिळाच कशावरून?’

‘पान चुरडून बघ गो. वास घे.’

घेतला. उग्र, हिरवा वास. मग त्यांनी दाखवलं: पानांच्या जोड्या असतात, टोकाची जोडी मोठी आणि गोलसर. वरची कोवळी तेवढीच खुडायची, मूळ उपटायचं नाही, म्हणजे आठ दिवसांनी पुन्हा येतात. पिवळं फूल आलं की भाजी संपली, मग पान कडवट होतं. आणि संध्याकाळ झाली की हे पानं मिटून घेतं, म्हणून आताच खुडायचं. भाजीत फणसाच्या आठळ्या घाल म्हणाल्या, वर खोबरं. माईंच्या परड्यात अळू होतं, फागलां होती, आणि पलीकडच्या वारुळावर यंदा अळमी येणार की नाही याचा अंदाज होता. रोयणीची अळमी वाळवीच्या सहवासातच वाढते. तिची लागवड करता येत नाही, वाट बघावी लागते.

या ओळखीला वेळ लागतो, पण पैसे लागत नाहीत. एकदा टायकिळा ओळखता आला की तो रस्ता पुन्हा नुसता रस्ता राहत नाही. त्यानंतर मला कुर्डू दिसू लागला, तेरं दिसू लागलं. आणि चतुर्थीला माटोळी बांधताना कांगलां, हरणं, शेरवड, कवंडळ ही रानातली फळं-फुलं बाजारात वाट्यांनी विकत घेण्याऐवजी ती कुठून येतात हे बघायला मामांबरोबर डोंगरावर जावंसं वाटलं. गणपतीच्या डोक्यावर वर्षातून एकदा अख्खा डोंगर टांगण्याची ही रीत आहे. पण डोंगर न चढता ती पाळली तर मुलांना फक्त रंगीत फळं दिसतात.

हे सगळं खरंच सिद्ध झालंय का?

नाही, सगळं नाही. विल्सन यांची जन्मजात ओढीची कल्पना आकर्षक आहे, पण ती पुरती सिद्ध करणं कठीण. साप-कोळ्यांची भीती किती जन्मजात आणि किती शिकलेली, यावर वाद आहेत. वर सांगितलेले काही अभ्यास लहान आहेत. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. मग ती एकदम घालवलेली असोत की तुकड्यातुकड्यांनी. पण हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे. शिवाय मुळात तब्येत धड असलेली माणसंच बाहेर जास्त पडत असतील, हीही शक्यता उरते. संशोधकांनी ती ध्यानात घेऊन हिशेब मांडले, तरी ती पूर्ण पुसली जात नाही.

आणखी एक. नैराश्य, चिंतारोग, निद्रानाश यांवर उपचार चालू असतील तर ते झाडाखाली बसून बंद करायचे नाहीत. रान डॉक्टरची जागा घेत नाही. जे शिबिरवाले तसं सुचवतात त्यांच्यापासून दूर राहिलेलं बरं.

साप, गोचीड, धबधबे

रानाबद्दल गोड बोलणारे लोक हे टाळतात आणि मग माणसं अडचणीत येतात. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात, तो १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाळी गावात आढळला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत त्याचा हंगाम, नेमका काजू गोळा करण्याचा. त्या दिवसांत रानात जायचं तर अंगभर कपडे, पाचोळ्यात बसणं नाही, घरी आल्याबरोबर आंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करायचं नाही, थेट रुग्णालय. पावसाळ्यात धबधब्याखाली उतरायचं नाही, कारण वर डोंगरावर किती पडला ते खाली कळत नाही. दरवर्षी माणसं बुडतात. रानाची भीती बाळगणं हासुद्धा आतल्या रानाचाच भाग आहे. ज्याला भीतीच वाटत नाही, त्याला रान कळलेलं नाही.

सदनिकेत राहणाऱ्याने काय करायचं?

१२० मिनिटं आठवड्याला म्हणजे दिवसाला सतरा-अठरा मिनिटं. सकाळचा चहा पहिल्या तासाभरात उघड्यावर, मोबाइल घरात ठेवून. पणजीकरांना आल्तिनोची झाडं आहेत, कांपालची बाग आहे. रायबंदरहून फेरीबोट घेतली की चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य, खारफुटीच्या मुळांमधून दिसणारे खंड्या आणि बगळे. मडगाव, म्हापसा, वास्को, प्रत्येकाच्या आसपास एखादा सडा, एखादी खाडी, एखादं कुळागर आहेच. दर आठवड्याला नवी जागा शोधण्यापेक्षा एकाच जागी परत परत जावं, असं माझं आग्रहाचं सांगणं. जानेवारीत कोरडा ठणठणीत दिसणारा सडा ऑगस्टमध्ये इवल्या फुलांनी भरतो, हा बदल कळायला तीच जागा दोन्ही वेळा बघावी लागते.

मुलांना घेऊन जा आणि माहिती देत बसू नका. त्यांना दगड उलटवू द्या, खेकडा पळताना बघू द्या, आणि मग दगड होता तसा ठेवायला सांगा.

आणि बाहेरचं रान?

आतल्या रानाबद्दल बोलून बाहेरच्या रानाबद्दल गप्प बसता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत गोळावली इथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. त्याच वर्षी मोलेच्या रानातून जाणाऱ्या रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनीच्या प्रकल्पांविरुद्ध गोव्यातली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. त्यातल्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा परिसर व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि तेव्हापासून वाद चालू आहे.

सत्तरीतला शेतकरी विचारतो, ‘पणजीवाल्यांना शांती हवी म्हणून आम्ही काजूच्या बागा सोडायच्या?’ हा प्रश्न रास्त आहे. या लोकांनी वाघाला वाघ्रो म्हणून पुजलं, देवराया राखल्या, माळोलीजवळच्या निरंकाराच्या राईत गोड्या पाण्याच्या दलदलीतली रानजायफळाची दुर्मीळ झाडं पिढ्यान्‌पिढ्या उभी ठेवली. देवाची म्हणून तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावली नाही. त्यांचे वनहक्काचे दावे वर्षानुवर्षं रखडले आणि मग त्यांनाच रानाचे वैरी ठरवलं गेलं. दावे आधी निकाली काढावेत, गुरं मारली गेली तर भरपाई महिन्याच्या आत मिळावी, आणि मग व्याघ्र प्रकल्पावर बोलावं, असं माझं मत आहे. आणि व्याघ्र प्रकल्प व्हावा, हेही.

बाकीच्यांना करण्याजोगं एक काम ग्रामसभेत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने गावातली झाडं, जनावरं, बियाणी, औषधी आणि त्यांची स्थानिक माहिती यांची लोक-नोंदवही ठेवायला हवी. आपल्या पंचायतीची वही मागून बघा. तिच्यात टायकिळा, अळमी, कवंडळ, गावची राई यांची नावं आहेत का ते तपासा. नसतील, तर वाड्यावरच्या माईंना पुढच्या बैठकीला सोबत घेऊन जा.